विकत घेतलेले भय

इंदूरच्या एका भगिनींनी पत्र लिहून विचारले आहे: "माझा मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे. निर्व्यसनी आहे, घरी नियमाने पैसे पाठवतो, तिकडच्या मंडळीतही जातो. पण गेली तीन वर्षे त्याला एक नाद लागला आहे. सुटी आली की तो व त्याचे सोबती मोटारीने दोनदोनशे मैल जातात, रोलर कोस्टरमध्ये बसतात, किंचाळतात आणि परत येतात. एकाच गाडीत दिवसातून पंधरा वेळा! हे पाप नव्हे हे मला कळते. पण देवाने दिलेला जीव असा टांगणीला लावावा काय? आणि जगात खऱ्या भयाची इतकी का वाण आहे, की यांनी ते पैसे मोजून विकत घ्यावे?"

पहिला प्रश्न आईचा आहे. दुसरा कोणीही विचारावा असा आहे आणि मला तो अधिक अवघड वाटतो.

पैशाची बाब प्रथमच बाजूला ठेवू. क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी रात्रभर आगगाडीने जाणाऱ्या मनुष्यास आपण उधळ्या म्हणत नाही. मग याला का म्हणावे? रविवारची उपासना चुकते की काय, हे त्या मुलाने व त्याच्या पाळकाने पाहावे.

हे लोक तेथे जाऊन करतात तरी काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. भगिनींनी मुलाचे काही लांबलचक संदेश मला वाचावयास पाठवले. त्यांत ज्या एका सहलीचे वर्णन आहे, ती पेनसिल्वेनिया राज्यातील एलिसबर्ग गावाजवळच्या कनोबेल्स या उद्यानाची आहे. हे उद्यान एका कुटुंबाने १९२६ साली सुरू केले आणि आजही ते त्याच कुटुंबाच्या हाती आहे. आत जाण्यास पैसे पडत नाहीत. ज्यात बसाल तेवढ्याचेच तिकीट. त्यामुळे नातवंडांबरोबर आलेली आजी दिवसभर झाडाखालच्या बाकावर फुकट बसू शकते. पानगळीच्या दिवसांत तेथे या शौकिनांचा मेळा भरतो.

त्यांचे दैवत म्हणजे 'फिनिक्स' नावाची लाकडी गाडी. फलाटावरून निघाली की ती आधी एका काळोख्या बोगद्यात शिरते. मग साखळी तिला ठकठक करीत चढावर ओढून नेते. ही ठकठक बसणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवते खरी, पण ती मुळात धीर देणारी आहे: साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये, म्हणून डब्याखालचा खटका दातेरी पट्टीवर एकेक दात धरीत वर चढतो, त्याचा तो आवाज. ७८ फुटांवर गेल्यावर साखळी सुटते. तेथून पुढे इंजिन नाही, मोटार नाही. पृथ्वी ओढते आणि गाडी धावते, ताशी ४५ मैलांपर्यंत. प्रत्येक लहान टेकडीच्या माथ्यावर शरीर आसनापासून सुटते आणि पोटात खड्डा पडतो. त्या क्षणाला हे लोक 'एअरटाइम' म्हणतात आणि सारी धडपड त्या अर्ध्या-एका पळासाठी असते.

मुलगा लिहितो, की पहिल्या फेरीत त्याने डोळे मिटले होते. पाचव्या फेरीस कोणत्या टेकडीवर शरीर उचलले जाते ते कळू लागले. दहाव्या फेरीस पुढच्या व मागच्या डब्यातील भेद कळला: पुढचा डबा माथ्यावर जाऊन क्षणभर ओठंगून राहतो, मागचा मात्र पुढच्यांच्या ओढीने माथ्यावरून फेकल्यासारखा जातो. म्हणजे पंधरा वेळा बसणारा मनुष्य पंधरा वेळा तीच गोष्ट करीत नसतो. भजनातील एकच चाल पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

आता जीव टांगणीला लावण्याचा प्रश्न. पवित्र शास्त्रातील मंदिराच्या शिखरावरचा मोह आपणां सर्वांस ठाऊक आहे. खाली उडी टाक, तुला काही होणार नाही, असे सैतान प्रभूला म्हणाला, आणि देवाची परीक्षा पाहू नये म्हणून प्रभूने नकार दिला. उंचावरून खाली झेप घेणाऱ्या या मंडळींस तोच दाखला लावला जातो. मला तो लागू पडतो असे वाटत नाही. शिखरावरून उडी मारणारा म्हणतो, की सृष्टीचा नियम माझ्यापुरता बाजूला सारावा. रोलर कोस्टर बांधणारा अशी कोणतीच सवलत मागत नाही. गुरुत्वाकर्षण कालच्यासारखेच आजही काम करील, या एका भरवशावर त्याचे गणित उभे असते. जॉन मिलर नावाच्या एका अमेरिकन कारागिराने १९१९ साली रुळाच्या खालच्या बाजूनेही चाक लावण्याचे पेटंट घेतले. गाडीची चाके रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरू लागली, तेव्हाच उतार इतके तीव्र करता आले. माथ्यावर गाडी उडू पाहते आणि खालचे चाक तिला सोडीत नाही. यात देवाची परीक्षा कोठे आली? परीक्षा झाली असेल तर ती मिलरच्या चाकाची, आणि तिला आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

ही क्रीडा मुळात सज्जनांच्या हातून वाढली, हेही सांगून टाकतो. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लोक हिवाळ्यात लाकडी मचाणांवर बर्फाचे उतार करून त्यांवरून घसरत. फ्रेंच लोक म्हणून आजही या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि गंमत अशी, की रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात. अमेरिकेत ला मार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर अशी गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट आणि वेग ताशी सहा मैल. आपला टांगाही तिला मागे टाकील. थॉम्प्सन हा शब्बाथ शाळेत शिकवणारा मनुष्य होता आणि दारूच्या गुत्त्यांकडे वळणाऱ्या तरुणांना निर्दोष करमणूक द्यावी हा त्याचा हेतू होता, असे सांगतात. हेतू कितपत सफल झाला हे देव जाणे. त्याला पैसा मात्र पुष्कळ मिळाला.

पण हा इतिहास येथवरच सांगून थांबलो तर भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिल्यासारखे होईल.

कनोबेल्सपासून पूर्वेस मोटारीने सुमारे तासाभराच्या वाटेवर एक गाव आहे. पूर्वी त्याचे नाव मॉक चंक होते. १९५४ पासून ते जिम थॉर्प म्हणून ओळखले जाते. तेथे १८२७ साली खाणीतला दगडी कोळसा कालव्यापर्यंत उतरवण्यासाठी नऊ मैलांचा रूळमार्ग घातला. कोळशाचे डबे उतारावरून आपोआप खाली येत आणि खेचरे रिकामे डबे वर ओढून नेत. ती खेचरेही कोळशाबरोबरच डब्यात बसून खाली येत. पुढे पुढे त्यांना ही सवारी इतकी आवडू लागली, की उतार पायी चालून जाण्यास ती साफ नकार देत, अशी कथा आहे. नंतर डबे वर ओढण्यासाठी वाफेची यंत्रे आली. ज्या डोंगरावर ती बसवली त्याचे नाव पिसगा, ज्या नावाच्या डोंगरावरून मोशेने वचनदत्त देश दुरून पाहिला. १८७० नंतर कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा हा मार्ग केवळ प्रवाशांच्या मौजेसाठी चालवला गेला आणि १९३३ पर्यंत लोक पैसे देऊन पिसगावर चढत व घसरत खाली येत. रोलर कोस्टरच्या वंशावळीत या रुळाचे नाव मानाने घेतले जाते.

याच मुलखात खाणकामगार रोज पहाटे पिंजऱ्यात बसून जमिनीच्या पोटात उतरत होते. तीही उतरणच. १८६९ साली ॲव्हनडेल येथील खाणीत आग लागली आणि वर येण्याचा एकुलता एक मार्ग बंद झाल्याने ११० माणसे मेली. त्या पिंजऱ्यात बसताना पोटात जो खड्डा पडत असेल त्याचे तिकीट कोणी काढले नव्हते. उलट त्याची मजुरी मिळत होती, आणि तीही तुटपुंजी. आज कनोबेल्समध्ये या खाणींचे एक छोटे संग्रहालय आहे, आणि त्याच उद्यानात 'ब्लॅक डायमंड' नावाची एक अंधारी गाडीही आहे, जिच्यात बसून मुले खोट्या खाणीतून जातात व दचकतात. आजोबांचे भय नातवंडांची करमणूक झाले.

हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. भगिनींच्या मनातला काटा हाच असावा. ज्याला उद्याच्या भाकरीची वा छपराची धास्ती आहे, तो भय विकत घ्यावयास जात नाही. भयाची हौस ही सुरक्षिताची हौस आहे, हे कबूल केलेच पाहिजे. म्हणून या मंडळींपैकी कोणी रोलर कोस्टरमध्ये बसणे म्हणजे धैर्य असे म्हणू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. धैर्याला काही गमावण्याची शक्यता लागते, आणि ती दुसऱ्या कोणासाठी पत्करावी लागते. हात वर करून किंचाळणाऱ्याने काहीही पत्करलेले नसते. त्याच्या मांडीवर लोखंडी दांडा आहे.

मग हे आहे तरी काय? बाप लहान मुलाला वर उडवतो आणि झेलतो, तेव्हा मूल आधी डोळे विस्फारते आणि मग खदखदा हसते. "पुन्हा," म्हणते. परका मनुष्य उडवू लागला तर तेच मूल रडते. उंची तीच, भीतीही तीच, हात निराळे. मला वाटते, हा खेळ भयाचा दिसतो खरा, पण त्यातला आनंद झेलले जाण्याचा आहे. ज्याला आयुष्यात कोणी झेलले नाही त्याला तो हवासा वाटला, तर त्यात उपहास करण्यासारखे मला काही दिसत नाही. आणि खाणकामगाराच्या नातवाला तो मिळाला, तर आजोबांस वाईट वाटले असते असेही नाही.

परंतु येथे झेलणारे हात कोणाचे आहेत, हे विचारणे मग भाग पडते. लाकडी गाडीचा मार्ग दर दिवशी उद्यान उघडण्यापूर्वी माणसे पायी चालून तपासतात: एखादी फळी सैल झाली काय, एखादा खिळा वर आला काय. रांगेतल्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना त्यांचे अस्तित्व ठाऊक असते. शौकिनांना ते ठाऊक असते. मुलाच्या संदेशांत मला सर्वांत आवडलेला मजकूर हाच होता, की पहाटेच्या गारठ्यात तो व त्याचे सोबती कुंपणाबाहेर उभे राहून रुळावरून चालणाऱ्या सुताराकडे पाहत होते, आणि तो वळणाआड गेला तेव्हा कोणीतरी टोपी काढली.

हात निसटतात तेव्हा काय होते, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स या उद्यानात 'स्मायलर' नावाची पोलादी गाडी २०१३ साली सुरू झाली; तीत मनुष्य चौदा वेळा उलटा होतो. अशा मार्गाचे, आगगाडीच्या मार्गाप्रमाणेच, भाग पाडलेले असतात, आणि एका भागात एक गाडी असताना दुसरीला तेथे येऊ न देण्याचे काम संगणक करतो. २ जून २०१५ रोजी एक रिकामी गाडी वाटेत अडकून उभी राहिली. संगणकाने मागची गाडी थांबवली. कामावरच्या तंत्रज्ञांस पुढे गाडी उभी असल्याचे ठाऊक नव्हते. यंत्रच चुकीची सूचना देत आहे असे समजून त्यांनी तो अटकाव दूर केला. सोळा माणसांनी भरलेली गाडी जाऊन रिकामीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. कंपनीने न्यायालयात अपराध कबूल केला आणि २०१६ साली तिला पन्नास लक्ष पौंड दंड झाला.

यंत्र खरे बोलत होते आणि माणसांनी त्याचे ऐकले नाही. त्या तंत्रज्ञांवर दगड टाकावा असे मला वाटत नाही. गाडी थांबली की रांग वाढते, वरून विचारणा होते, आणि अशा घाईत नीट पाहून येण्यास सवड देणारी पद्धत त्यांना कोणी घालून दिली नव्हती. पाप म्हणून काही शोधावयाचे असेल तर ते बसणाऱ्याच्या किंकाळीत न शोधता येथे शोधावे. लोक आपला देह तुमच्या हाती देतात, तोही हसत देतात, आणि तुम्ही पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहत नाही, ही गोष्ट साधी नव्हे.

याहूनही मनाला लागणारी दुसरी एक घटना आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट हे उद्यान आहे. तेथे 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' ही ४२० फूट उंच गाडी २००३ पासून धावत होती. वेग ताशी १२० मैल. ऑगस्ट २०२१ मध्ये धावत्या गाडीपासून धातूचा एक तुकडा सुटला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या डोक्याला लागून ती गंभीर जखमी झाली. ती गाडी त्या रूपात पुन्हा चालली नाही. बदल करून नव्या नावाने ती २०२४ साली उघडली. बसलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नव्हते. भय ज्यांनी विकत घेतले ते सुखरूप परतले, आणि इजा झाली ती अजून जमिनीवर उभी असलेल्या एकीला.

यावरून मला आपल्याकडचा 'मौत का कुआँ' आठवतो. ग्वाल्हेरच्या मेळ्यात, आणखी कितीतरी जत्रांत, लाकडी फळ्यांच्या विहिरीत उभ्या भिंतीवर मोटारसायकल चालवणारा तरुण आपण काठावर उभे राहून पाहतो. वर हात करून नोट धरली, की तो गाडी काठापर्यंत आणून ती हिसकून घेतो. तेथे थरार आपला आणि जीव त्याचा. आपण जे विकत घेतो ते आपले भय नसते, त्याचे संकट असते. रोलर कोस्टरला हसणारे पुष्कळ जण या काठावर निर्धास्त उभे राहिलेले आहेत. मीही राहिलो आहे. दोहोंत अधिक निर्दोष कोणते, हे मला विचाराल तर मी त्या इंदूरच्या मुलाच्या बाजूने आहे. तो निदान आपल्याच पोटात खड्डा पाडून घेतो.

या मंडळींच्या सर्वच गोष्टी मला रुचल्या असे मात्र नाही. त्यांच्यात मोजणीचा एक रोग आहे. कोण किती निरनिराळ्या गाड्यांत बसला याच्या वह्या ठेवतात; तीनशे, पाचशे, हजार. केवळ आकडा वाढावा म्हणून मोठमोठी माणसे लहान मुलांच्या सुरवंटाच्या गाडीत गुडघे दुमडून बसतात म्हणे. आनंदाची खतावणी मांडली, की तो आनंद हळूहळू कर्जासारखा वागू लागतो.

पण याच लोकांनी काही वाचवलेही आहे. अमेरिकेतील त्यांचा मोठा संघ १९७८ साली स्थापन झाला आणि जुन्या गाड्या मोडीत निघू नयेत हे त्याच्या कामांपैकी एक. पेनसिल्वेनियातील अल्टूना येथील १९०२ सालची 'लीप द डिप्स' ही गाडी १९८५ पासून बंद पडून कुजत होती. शौकिनांनी व गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि १९९९ साली ती पुन्हा धावली. 'फिनिक्स'चीही कथा अशीच. ती मूळची टेक्सासमधील सॅन अँटोनियोची, १९४७ च्या सुमारास बांधलेली. तेव्हा तिचे नाव 'रॉकेट' होते. ते उद्यान १९८० साली बंद पडले. कनोबेल्सच्या लोकांनी ती फळी फळी सोडवून, प्रत्येक तुकड्यास खूण करून, अर्ध्या देशापलीकडे नेली आणि १९८५ साली पुन्हा उभी केली. हे करताना मूळचे नकाशे त्यांच्यापाशी नव्हते. जिच्यात क्षणभर पोटात खड्डा पडतो, एवढाच जिचा उपयोग, त्या वस्तूसाठी इतके श्रम! उपयोगाच्या कसोटीवर हे टिकणार नाही. पण त्या कसोटीवर आपल्या नाताळच्या ताऱ्यांपैकी तरी किती टिकतील?

भगिनींना मी लिहिले आहे, की मुलाला हा नाद सोडावयास सांगू नये. किती गाड्या झाल्या हे विचारू नये. त्या सुताराविषयी मात्र आणखी विचारावे. त्यांनी उत्तर धाडले आहे, की येत्या शरदात मुलगा त्यांना तिकडे बोलावतो आहे आणि बाकावर बसावयास पैसे पडत नसतील तर जाऊन पाहावे असे त्यांना वाटू लागले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. खोपोलीजवळच्या उद्यानात २०१३ पासून 'नायट्रो' नावाची मोठी गाडी आहे, आणि तरुण संघांच्या सहली तिकडे जातात. पण मला चिंता वाटते ती जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांची. ते आज या गावी तर आठवड्याने त्या गावी सुटे करून पुन्हा जोडले जातात. आपल्या शब्बाथ शाळेची मुलेही त्यांत बसतात. तिकीट काढण्यापूर्वी पाळणेवाल्याला शांतपणे विचारावे, की हा कधी जोडला, बोल्ट कोणी आवळले, आणि आज सकाळी रिकामा फिरवून पाहिला काय. चांगला पाळणेवाला या प्रश्नाने सुखावतो आणि हात धरून दाखवावयास नेतो, असा माझा अनुभव आहे. तो चिडला, तर मुलांना घेऊन रसवंतीकडे वळावे.